खोलीचा आवाज

४ जानेवारी २००४, रविवार

सरोजिनी येत नाही! सकाळी न्यू जर्सीहून फोन. आता एकदम जूनमध्ये म्हणे. जुलैत नम्रताच्या बाळंतपणाला गेली ती गेलीच. नम्रताची रजा संपली, जावई कॉम्प्युटरला चिकटलेला, बाळाला पाळणाघरात ठेवायचं हिच्या जिवावर येतं. "अहो, तुमचं अडत नाही ना काही?" मी म्हणालो, "छे! मजेत आहे."

खोटारडा. "ये" म्हणायला काय झालं होतं? पण नाही. आम्ही पडलो मानी.

६ जानेवारी, मंगळवार

दर मंगळवारसारखा विद्यापीठाच्या संग्रहालयात मुलांना माहिती द्यायला गेलो. नभोवाणी आणि चित्रपटाची जुनी यंत्रं मांडलीत तिथे. ज्याच्यावर मी नोकरीभर माहितीपटांचे आवाज घेतले तो टेपरेकॉर्डर आता काचेच्या पेटीत आहे. खाली पाटी – 'हात लावू नये.' पेटीची किल्ली माझ्याकडे, म्हणून मंगळवारी मी हात लावतो.

एका मुलाने विचारलं, "सर, यात साँग्ज डाउनलोड कशी करायचात?" म्हटलं, "फनेल लावून ओतायचो." कोणी हसलं नाही.

मग त्यांना खोलीचा आवाज कसा घेतात ते दाखवलं. शूटिंग झालं की सगळ्यांना गप्प उभं करायचं आणि त्या खोलीची नुसती शांतता टेप करायची. संवादांमधले जोड झाकायला ती लागते. एका खोलीची शांतता दुसरीला चालत नाही. पोरं श्वास रोखून उभी. तेवढ्यात कोणाचा तरी मोबाईल वाजला!

संग्रहालयाच्या प्रमुख उत्कर्षाबाई म्हणाल्या, "सर, तुम्ही रोज आलात तरी चालेल." म्हटलं, "रोज आलो तर पेटीत बसवाल."

खरं तर रोज जायला आवडेल.

११ जानेवारी, रविवार

फोन. तिकडे दुपारी इतकं सामसूम असतं की तिला झोप लागत नाही. "आपल्या घरचा आवाज पाठवा हो कॅसेटवर. तुमचाच तर धंदा!"

किती बरं वाटलं! कोणीतरी काम सांगितलं.

१३ जानेवारी, मंगळवार

उत्कर्षाबाईंकडून मायक्रोफोन मागून आणला. रजिस्टरात सही घेतली त्यांनी. माझाच मायक्रोफोन!

१४ जानेवारी, बुधवार

झालं रेकॉर्डिंग. अगदी शिस्तीत केलं. खिडक्या लावल्या, दाराच्या फटीत टॉवेल कोंबला, पंखा बंद, फोन काढून ठेवला. फ्रिजची घरघर येत होती, तोही बंद केला. आत होतं काय, दूध आणि एक लिंबू. शेजारचा आनंद कॉल सेंटरवरून येऊन दिवसभर झोपतो, त्यामुळे मजल्यावर चिडीचूप. भिंतीवरचं घड्याळ बंदच आहे, त्याचा त्रास नव्हता.

हेडफोन लावून ऐकलं. नोकरीत असताना इतकी स्वच्छ शांतता कधी मिळाली नव्हती! शेवटी माझा एक उसासा आलाय. पुन्हा घ्यायला हवं होतं. कंटाळा केला.

ऐकता ऐकता रडू आलं. का ते कळलं नाही. म्हणजे कळलं. पण कॅसेट कुरिअरला देऊन टाकली.

१८ जानेवारी, रविवार

बाळ बसायला लागलं. कॅसेट अजून पोचली नाही. मी – "मजेत."

२५ जानेवारी, रविवार

फोन नाही. दुपारपर्यंत जागचा हललो नाही. डबेवाल्या बाईंनी बेल वाजवली तर आधी फोनच उचलला मी!

कॅसेट पोचली असणार. हसत असतील दोघी.

२७ जानेवारी, मंगळवार

संग्रहालयात कोणी फिरकलं नाही. परीक्षा आहेत. तिथे नभोवाणीचा खोटा स्टुडिओ मांडलाय, त्यात जाऊन बसलो. माइकसमोर म्हणालो, "सरोजिनी, ये गं आता." माइकला वायरच नाही.

१ फेब्रुवारी, रविवार

फोन आला. हॅलो नाही, काही नाही – "अहो, कुकर नाही, घड्याळ नाही, फ्रिजसुद्धा नाही! जेवता कुठे तुम्ही?"

मी सांगायला लागलो – रेकॉर्डिंगसाठी सगळं बंद करावं लागतं, त्याचं एक तंत्र असतं –

"तंत्र राहू द्या. घड्याळ?"

ते तिने जाताना किल्ली दिली होती, तेवढंच चाललं. म्हणालो, "राहिलं जरा."

"आणि शेवटचा तो उसासा?"

म्हणालो, "तो चुकून आलाय."

"मी येतेय. शनिवारचं तिकीट आहे."

"अगं, पण बाळ?"

"बाळाला पाळणाघर मिळालंय. तुमच्यासाठी कुठलं शोधू?"

फोन ठेवला. स्टूल घेतलं, घड्याळाला किल्ली दिली. केवढा आवाज आहे त्याचा!