ईअरप्लग खिशात

रविवार, संध्याकाळ

डाव्या कानातली शिट्टी अजून थांबली नाही. काल बँडचा शो सुटला तेव्हापासून वाजून राहिली. झोपून उठल्यावर जाईल वाटलं होतं.

मी स्टील प्लांटच्या मिलमध्ये क्रेन चालवते. ईअरप्लग घातल्याशिवाय आत पाय ठेवत नाही, कारण त्याच मिलमध्ये बाबाचे दोन्ही कान गेले. काल बी सवयीनं घातलेच होते, स्पीकर बाजूलेच होता. मंग तो पांढऱ्या केसांचा गायक, बाबाच्याच वयाचा, एकदम हळू आवाजात गायला लागला. मले तो आवाज पुरा पाहिजे होता. ईअरप्लग काढून खिशात टाकले. मंग ड्रम, गिटार सगळं एकदम सुरू झालं अन् मी तिथंच रडत उभी राहिली. कावून काढले? निदान तेव्हा तरी परत घालायचे होते.

दुपारी आई काहीतरी बोलली. मी दोनदा "काय?" म्हटलं.

"तू बी बाबासारखी करून राहिली का?" आई म्हणाली. बाबा समोरच बसले होते. त्यायले ऐकू आलं नाही.

उद्या प्लांटमध्ये कानाची तपासणी आहे. फेल झाली तर क्रेन गेली. अन् पास होऊन, क्रेनखालून इशारा करणाऱ्या माणसाची शिट्टी नाही ऐकू आली तर?

ईअरप्लग अजून कालच्या कुर्त्याच्या खिशातच आहेत.

आत्ताच कोहक्याहून मैत्रिणीचा फोन आला. "वो लोग रायपुर में फिर बजा रहे हैं, चलेगी?" मी लगेच हो म्हटलं. फोन ठेवताना पाहिलं, तो उजव्या कानाले होता. मी नेहमी डाव्या कानाले लावते.