पाळीव अळ्या मरत नाहीत

तीर्थरूप आत्या,

साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? काकांचा खोकला? (वेगवेगळं लिही. मागच्या "बरे आहोत"मध्ये कोण किती बरं, ते कळलं नाही.) मी मजेत आहे असं लिहिलं होतं, पण खोटं ठरेल म्हणून खोडलं.

आमचं काम तुमच्या प्रयोगशाळेसारखंच. शेतातून आलेल्या अळ्यांच्या पाठीवर कीटकनाशकाचा थेंब ठेवायचा, दोन दिवसांनी मेलेल्या मोजायच्या, आणि ज्यांच्या एकाही पिढीने पंचवीस वर्षांत औषध पाहिलेलं नाही अशा आमच्या पाळीव अळ्यांशी ताडायचं. या बिचाऱ्या एरवी एका थेंबात पन्नासच्या पन्नास माना टाकतात. परवा पन्नासांपैकी शेतातल्या तेवीस मेल्या आणि पाळीव चोवीस! मी तीनदा मोजल्या, कुंचल्याने टोचून. (एक मेल्याचं सोंग करत होती. तिला जिवंतांत धरलं.) साहेब खूश. "दोन्ही सारख्याच, म्हणजे अळी औषधाला निर्ढावलेली नाही. बाटली शिळी असेल. कळवून टाक, हेच औषध मारत राहा."

मी लगेच नवी बाटली फोडून पुन्हा थेंब ठेवले. आज मोजल्या, तेच! मग जुनी वही उघडली. सहा महिन्यांपूर्वी पाळीव पिंजऱ्यात रोगाने पतंगांच्या तीनच जोड्या उरल्या होत्या, तेव्हा शेतातल्या अळीचा झालेला एक पतंग निसटून त्यात शिरला. मी तत्परतेने एक पतंग पकडून बाहेर काढला आणि वहीत "पतंग परत मिळाला" असं सुवाच्य अक्षरात लिहिलं. आता वाटतं, काढला तो घरचाच. पाहुणा आत राहिला आणि पोराबाळांसह सुखाने नांदला. आज पाळीवसुद्धा निम्म्या निर्ढावल्यात, मग तुलना कशाशी? अहवाल चार वाजता जाणार. गेला तर शेतकरी तेच औषध दुप्पट मारतील आणि अळ्या पीक फस्त करतील. सांगितलं तर माझी नोकरी. साहेबांच्या दाराबाहेर बसून लिहिते आहे. साडेतीन झालेत. तू लहानपणी मला समोर बसवून शिकवलंस की चूक पेन्सिलने नाही, शाईने लिहायची. कशाला शिकवलंस गं?

तुझी,
भाची

ता. क. सांगितलं.  साहेब म्हणाले, "अहवाल थांबवतो. पण शुद्ध अळ्या आणणार कुठून?" मी छाती काढून म्हणाले, "माझ्या आत्याकडून." दोनशे अंडी लगेच पाठव.

ता. क. २. आधी तुझ्या अळ्यांवर थेंब ठेवून बघ. गेल्या खेपेला मी तुला डबाभर कोष आणले होते ना, ते त्याच पिंजऱ्यातले, पाहुणा शिरल्यानंतरचे. तुझ्याही मेल्या नाहीत, तर पत्र लिहू नकोस. तूच ये, शाई घेऊन.