नांदेड ते हैदराबाद, एक तास

३ नोव्हेंबर, सोमवार. गोरेगाव (जि. हिंगोली)
हे सकाळी जीपने नांदेडला गेले, तिथून दुपारच्या विमानाने हैदराबाद, नोकरीवर. सासूबाईंचा नेम: गेलेल्या माणसाचा 'पोचलो' असा फोन येईस्तोवर घरात झाडू लावायचा नाही. हे रेल्वेने जात तोवर समजत होतं. विमान तर तासाभराचं, हेच मिशीत हसून सांगतात. फोन आला दिवेलागणीला. "विमान लेट झालं." मी दिवसभर कचऱ्यात.

१७ नोव्हें.
पुन्हा लेट. आमची जीप माणसं कोंबल्याशिवाय हलत नाही, तरी एवढा उशीर करत नाही.

१८ नोव्हें.
शेजारची रुख्सार कॉलेजात जाते, तिला विचारलं. तिने मोबाइलवर नकाशा दाखवला, त्यावर इवलंसं विमान सरकतं.
"भाभी, उतरलं की इथं लिहून येतं."
"लेट झालं तर?"
"ते बी येतं. काहून विचारून राहिल्या?"
"असंच," म्हटलं. तिला कळलं असणार. कुठे बोलली तर...

३० नोव्हें.
हे काल आले. लग्नाला दोन वर्षं झाली, मला हैदराबादला कधी नेणार विचारलं. "खोली लहान हाय, थांब थोडं." शर्ट धुताना खिसे चाचपले. काही नाही. स्वतःचीच लाज वाटली. पण दुसरं बटण नव्याने लावलेलं. टाका माझा नाही, आणि यांना सुईत दोरा ओवता येत नाही. शिंप्याने लावलं असेल. असेलही.

१ डिसें., सोमवार
हे सकाळी गेले. दुपारभर मोबाइलवर तोच नकाशा समोर. विमान वेळेवर उडालं, वेळेवर उतरलं. यांचा फोन बंद. सरळ झाडू घेतला आणि ओसरीपासून मागच्या दारापर्यंत घर झाडलं. सासूबाई आता ओरडणार वाटलं. त्यांनी फक्त पाय वर घेतले. "पलंगाखालून बी काढ."
अंधार पडल्यावर फोन. "आत्ताच उतरलो गं. लेट होतं."
"व्हय का," म्हटलं. संताप आला होता, गिळला.

२ डिसें.
सासूबाईंनी मोबाइल मागितला. "तो जातो तेच इमान का हे?" व्हय म्हटलं. बराच वेळ बघत बसल्या. जेवल्या नाहीत.

४ डिसें.
सासूबाई आपणहून म्हणाल्या, "रुख्सारला दोन तिकिटं काढायला सांग. मी बी येते."
हिंगोलीच्या पुढे कधी गेलेल्या नाहीत.
"यांना कळवू?"
"काहून?"

७ डिसें., रविवार
या आठवड्यात हे आले नाहीत, काम आहे म्हणे. आम्ही उद्या निघतोय. खोलीचा पत्ता आहे, दिवाळीचा फराळ तिथेच पाठवला होता. सासूबाईंनी धपाटे बांधून घेतले. "एकटाच असला तर खाईल."
"आणि नसले तर?"
त्या फडक्याची गाठ आवळत राहिल्या.
विमानाचा तास तेवढा मधे आहे. तो लवकर सरावा की सरूच नये, काही ठरत नाही.