काकीच्या बाजूची भिंत

बाबा, आपलं जुनं घर पाडलं. चिरे हाताने खरवडले तरी भुगा होऊन गळत होते, दुसरा इलाज नव्हता. नवं घर त्याच परड्यात उभं आहे, पण काकीच्या घराला टेकून नाही. परवानगीसाठी गेले तेव्हा ग्रामसेवक म्हणाले, "ताई, चारही बाजूंनी मोकळी जागा सोडायची. नियम सगळ्या राज्याला एकच आहे." बाहेर आल्यावर शिपाई हळूच म्हणाला, "बांधा तुमी. हंय कोण मोजूक येता?" खरंच कोणी येत नाही. किनाऱ्यावरची नवी हॉटेलं माडांच्याही पुढे गेली आहेत. पण मुंबईत जन्मभर नोकरी करून गावी परतलेली मी, मला सगळं रीतसर हवं होतं. आणि नियमात वाईट तरी काय आहे? उजेड येतो, वारा येतो.

तुम्ही आणि काकांनी दोन घरांना मिळून ती एकच भिंत घातली होती. दोन्ही स्वयंपाकघरांच्या मध्ये एक झरोका. काका बोटीवर असायचे. तिकडून माशाची आमटी यायची, आपली सोलकढी तिकडे जायची. काकीच्या चुलीच्या धुराला कंटाळून मी एकदा त्यात जुनं लुगडं कोंबलं. तुम्ही जेवत होता, उष्ट्या हातानेच उठलात. "काढ ता बोंदार. ती एकटी आसा थंय." मग दिवसभर माझ्याशी बोलला नाहीत.

घर पाडताना भिंत काकीकडे राहिली आणि गवंड्याने चिरा बसवून झरोका बुजवला. काकी बघत उभी होती. "आता तुका हाक खंयसून मारू गो?"

"मोबाइलवर मार," मी म्हटलं.

श्रावणात ती न्हाणीत घसरून पडली. खूप हाका मारल्या म्हणे. मी खिडक्या लावून चहा पीत होते. शेवटी दूधवाल्याने ऐकलं. तिचा मुलगा तिला मुंबईला घेऊन गेला, तेव्हापासून तिकडचं दार बंद आहे. मीच अर्ज करून घर मोजायला बोलावलेला इंजिनिअर नंतर आला, टेप गुंडाळत म्हणाला, एवढं नियमातलं घर गावात दुसरं नाही. मी त्याला चहा दिला.

हे पत्र कुठे टाकणार? काल आमटी उतरवली, वाटी भरली आणि सवयीने भिंतीकडे वळले. तिथे आता पांढऱ्या टाइल्स आहेत. वाटी हातात धरून तशीच उभी राहिले. बाबा, मी एकटी आसंय हंय.