लंका पेटवून आलेला

शनि., ३ जाने.
चिन्ह मिळालं. कपबशी. दत्त्याला टॉर्च हवी होती, ती दुसऱ्या अपक्षाने नेली. झकास झालं. कपबशी रंगवायला बरी, बशीची कड जरा उचलली की लांबून ओळखू येते. सुभेदार दत्ताराम तांबे (निवृत्त), मरोळचा होणारा नगरसेवक! जन्मभर दुसऱ्यांच्या पाट्या रंगवल्या, आज दोस्ताचं नाव. वेलांटी एका झटक्यात.
पत्रकाचा मजकूरही माझाच. शाळा आठवीत सुटली, तरी माझ्या शुद्धलेखनात कोणी चूक काढून दाखवावी. मथळा: 'लंका पेटवून आलेला आपला मारुती!' दत्त्याने न वाचता सही केली, चष्मा घरी राहिला होता. बरंच झालं. सरप्राइज.

रवि., ४ जाने.
चौकात सभा. मंडळाच्या अध्यक्षाने कौतुकाने विचारलं, कारगिलला कुठे होतात? मी कोपराने ढोसलं, बोल ना काहीतरी. दत्त्या सरळ म्हणाला, कारगिलच्या वेळी जबलपूरला, भांडारात होतो. त्याच्या बऱ्याच आधी, सत्त्याऐंशीला, लंकेत, शांतिसेनेत, तमिळ वाघांसमोर.
एकदम गार. त्या लढाईला कोणी हार घालत नाही. कोणी म्हणतं गेलातच कशाला, कोणी म्हणतं तसेच परत कसे आलात. समोरच्या पार्टीचा पम्या मागून ओरडला, "शांतीला सेना कशाला लागते रे?" लोक हसले.
हसा. पत्रक निघू दे.

मंगळ., ६ जाने.
पत्रकं निघाली. छपाई अशी की अक्षरावर बोट फिरवावं. सगळीकडे वाटत शेवटी नाल्यापलीकडच्या तमिळ चाळीत. गेल्या वेळी वॉर्ड याच चाळीने फिरवला. चाळ सेल्वीअक्काचं ऐकते. इडल्या विकते, जन्म इथलाच, मराठी माझ्यापेक्षा फास्ट.
तिने वाचलं. पुन्हा वाचलं. मग दत्त्याला म्हणाली, "भाऊ, लंका पेटवली म्हणजे घर कोणाचं पेटवलं?"
दत्त्याने पत्रक तेव्हा पहिल्यांदा वाचलं.
चहा न घेता निघालो. नंतर कळलं, लंकेतली तमिळ माणसं जीव वाचवून बोटीतून रामेश्वरला आली तेव्हा हिच्या मावशीने घरात ठेवून घेतली होती.

बुध., ७ जाने.
दत्त्या चिडला असता तर बरं. मी समजावलं, अरे अलंकार आहे तो, मारुती म्हणजे शक्ती, भक्ती. म्हणाला, "मारुती परतला तेव्हा सगळे नाचले. आम्हाला घ्यायला कोण आलं होतं?" मग म्हणाला, "मी काही पेटवलं नाही, वश्या. पण पेटलेलं बघितलंय."
उरलेले गठ्ठे परत आणले, दुकानाच्या पोटमाळ्यावर टाकले. एकही ऱ्हस्व-दीर्घ चुकलेला नाही, आणि सगळंच चुकलं.

शुक्र., ९ जाने.
नवा मजकूर. दुपारभर विशेषणं खोडत बसलो. शूर गेला. ढाण्या गेला. शेवटी दत्त्याच वैतागला, "लिही रे. लंकेत होतो. विचारायचं ते विचारा."
तेच छापलं! खाली पाणी, गटार, नाल्याची भिंत. माझ्या हातून निघालेलं सर्वात देखणं पत्रक, आणि त्यात माझं एक वाक्य नाही. पूर्णविराम मात्र माझे.

रवि., ११ जाने.
विचारतायत! रस्त्यात अडवून विचारतायत. पम्यासुद्धा, माणसं मारलीत का हो? दत्त्या म्हणाला, बस, चहा घे, सांगतो. पम्या बसला! कप रिकामा झाला तरी उठेना.
संध्याकाळी दत्त्या आपणहून तमिळ चाळीत. अक्काने विचारलं, तमिळ येतं का काही? म्हणाला, एकच शब्द. "बयप्पडादे. घाबरू नको. झडतीला गेलो की प्रत्येक दारात हेच म्हणायचो. घाबरायचं कोणीच थांबलं नाही."
मला वाटलं, संपलं. मग अक्का म्हणाली, "चूक आहे तुमचं. मोठ्यांना बयप्पडादींग म्हणायचं. तुम्ही म्हाताऱ्यांनासुद्धा अरे-तुरे करत होता."
दत्त्याने तिच्यासमोर शब्द तीनदा घोकला. चहा आला.

बुध., १४ जाने.
प्रचार काल संपला. आज संक्रांत. आपली भोगी काल झाली, त्यांची आज. त्यांच्यात भोगीला पहाटे जुनंपानं जाळतात. अक्काचा निरोप होता, पेटवायचंच असेल तर इथे आणा. गठ्ठे नेले. एक पत्रक मी खिशात ठेवलं होतं, अक्षरासाठी. दत्त्याने नुसता हात पुढे केला. दिलं. काय ज्वाळा उठल्या!
तिळगूळ वाटला. हा प्रचार नव्हे, नियम मला पाठ आहेत. मताचं कोणीच बोललं नाही, तेही नाही, आम्हीही नाही.

गुरु., १५ जाने.
मतदान. पम्या म्हणे, सुभेदार पडणार. पण 'सुभेदार' म्हणाला, हे नोंदवतो. अक्का मत देऊन केंद्रापासून लांब आमच्यापाशी आली. पोंगलची नवी साडी, बोटाला शाई. मला राहवेना. अक्का, कपबशी का?
तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.
"बयप्पडादींग," म्हणाली, आणि गेली.
दत्त्या तेव्हापासून हसतोय. मोजणी उद्या.