धाग्यांची पट्टी

प्रिय श्रिया,

वालचंदनगरच्या कारखान्याचा भोंगा वाजला की आमचा चौथीचा वर्ग कवितेच्या मधल्याच ओळीत अडायचा. भोंगा संपला की गुरुजी टेबलावर छडीने ताल धरत आणि आम्ही सोडलेल्या शब्दापासून पुन्हा सुरू. आज अंगणात ऊन खाताना तो आवाज कानात आपोआप घुमला आणि तुला लिहायला बसलो. फोनवर तू "हो आजोबा, जेवले मी" म्हणून विषय मिटवतेस.

इकडे सगळं छान आहे. तुझ्या आईने तिळाच्या वड्या केल्यात, बारामतीत अजून सकाळी शाल लागते, आणि ऊस तुटलेल्या शेतांवरून वारा येतो तेव्हा शाळेतली एखादी विसरलेली कविता चालीसकट ओठांवर येते.

दिवाळीत तू तुझी रबराची पट्टी दाखवली होतीस. रबरात घायपाताच्या धाग्यांचे बारीक तुकडे मिसळायचे, रोलरमधून पट्टी निघाली की ते सगळे लांबीच्या दिशेने निजतात, तापून रबर सैल पडू लागलं की तेच त्याला धरून ठेवतात. मला तर वाऱ्याने एका अंगावर कललेला ऊसच दिसला! पण कॉलेजच्या भट्टीत तापवून ताणल्यावर पट्टीतून कापलेले तुझे चाचणीचे तुकडे तुटले, आणि "उरलेली पट्टी भंगारात द्या" म्हणताना तुझा चेहरा बघवेना.

भंगारात नाही दिली मी. कन्हेरीला म्हस्कूच्या गुऱ्हाळावर नेली. उकळता रस एका कढईतून दुसरीत नेणाऱ्या पाइपाच्या जोडावर तो जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळायचा. चार दिवसांत तो मऊ पडून रस गळायचा. तुझी पट्टी आवळताना हसला. म्हणाला, "पंत, पोरीचा खेळ हाय ह्यो. सांजच्यापातूर तरी टिकंल का?" संक्रांत झाली, पट्टी आहे तिथंच आहे. परवा तोच म्हणतो, "नात हाय का लोहार? हालंना की!"

मग तुझा एक उरलेला तुकडा घेऊन बसलो. उभा ओढला तर ताठ, आडवा ओढला तर सैल. तेव्हा आठवलं, पट्टी वाचावी म्हणून तू चाचणीचे तुकडे रुंदीत कापले होतेस. वाया काही जाऊ द्यायचं नाही, ही आपल्या घराची खोडच. तुझी आजी पोलक्याचं कापडसुद्धा असंच आडवं बसवायची. म्हस्कूने पट्टी लांबीत आवळली, म्हणून ती टिकली; धागे आडवे पडले तर ताण घेणार कोण, पोरी?

सोमवारी तू हा विषय सोडण्याचा अर्ज देणार आहेस, असं आई म्हणाली. म्हणून हे पत्र. उद्या बाबा पुण्याला येतायत, त्यांच्या हाती देतो. एकदा उभे तुकडे कापून भट्टीत ठेव. तरीही तुटले तर खुशाल सोड, मी चकार शब्द काढणार नाही.

थांब, दारात कुणीतरी आलंय.

पाहून आलो. नऊवारीतल्या एक बाई जीपमधून उतरल्या, इंदापूरकडच्या ठमाबाई. स्वतःचं गुऱ्हाळ चालवतात म्हणे. कन्हेरीत तुझी पट्टी पाहून थेट इकडेच आल्या, आपल्या पाइपाचं माप सुतळीवर घेऊन. "रबरवाली इंजिनेर हितंच ऱ्हाती न्हवं? बोलवा तिला, मी थांबती," म्हणाल्या आणि पायरीवर पदर सावरून बसल्यासुद्धा. चहा टाकायला सांगितलाय. पुढं यांना काय सांगू, ते तूच कळव.

तुझाच,
आजोबा