गिलच्या मधमाश्या

३० जानेवारी
ठरलं. यंदा मधपेट्या भाड्याने घ्यायच्या नाहीत. इथे टरलॉक गावात बदाम फुलायला आला की माश्यांनी फुलाफुलांत पराग फिरवावा म्हणून जो तो पेट्या रेंट करतो. अरे, ट्रॅक्टर रेंट करावा, जमीन लीजवर घ्यावी, माणूस हायर करावा. मधमाशी यात कुठे बसते? ती आपणहून येते, खाते, जाते. म्हणजे पाहुणी. शेजारच्या गिलने, बायकोच्या चुलतभावाने, पेट्या सांगितल्यात. त्याच्या माश्यांना कुंपण थोडंच कळतं?

बायको, दिओलिंदा, म्हणाली, बाग माझ्या वडलांची आहे, एल्विनो. यंदा बदाम धरले नाहीत तर सरळ गिलला लीजवर देईन. उगाच घाबरवते.

१० फेब्रुवारी
फुलं उमलली. गिलने पेट्या मुद्दाम पलीकडच्या टोकाला ठेवल्यात. जळकुकडा मेला. पण माशीला पंख असतात.

१३ फेब्रुवारी, दुपार
झाडाखाली तासभर उभा. माशी एक. ती कपाळावर बसली. सुरुवात तर झाली.

१५ फेब्रुवारी
पाऊस. रात्रभर जागाच. कॉफी कमी करायला हवी.

१६ फेब्रुवारी
पाऊसच. पाकळ्या गळतायत. दिओलिंदा खिडकीतून हलत नाही. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

गिलकडे गेलो. म्हटलं, चार पेट्या कुंपणाशी सरकव. म्हणाला, भाड्याच्या आहेत, दाजी, मालकाला विचारा. मालकाला फोन केला. तो हसला. एकही शिल्लक नाही म्हणे. म्हटलं, मग माणसं दे, फुलांवर ब्रश फिरवायला. त्याने फोन ठेवला.

१७ फेब्रुवारी
ऊन! मीच मला हायर केलं. रंगाचा ब्रश, शिडी. या रांगेतल्या फुलावरून त्या रांगेतल्या फुलावर. संध्याकाळपर्यंत दीड झाड. बाग वीस एकरांची आहे, पण वेग वाढेल. दिओलिंदा येऊन शिडी धरून उभी राहिली.

१९ फेब्रुवारी
फुलं संपली. मान वळत नाही.

२ एप्रिल
झाडं काय सुंदर हिरवी झालीत! दीड झाडाला बदामही आहेत.

सप्टेंबर, तारीख आठवत नाही
दिओलिंदाने लीजवर सही केली. लीज म्हणजे विकणं नव्हे, हे मी तिला तीनदा समजावलं. ती रडतच होती. बायकांना हा फरक कळत नाही. मग मीही जरा बाहेर जाऊन आलो.

४ फेब्रुवारी
गिलने मला हंगामापुरतं कामावर ठेवलं. अनुभवी माणूस लागतोच. आज आमच्या बागेत, म्हणजे त्याच्या, ट्रकवरून पेट्या उतरवल्या. कामावर तो दाजी म्हणत नाही. बरोबरच आहे, शिस्त हवी. एक पेटी हातातून जरा निसटली तर ओरडला, सांभाळून, एल्विनो! माणूस दुसरा मिळेल, पेट्या मिळायच्या नाहीत.

मी हळूच खाली ठेवली.